खानेसुमारी

या गावाला वेस नाही.
कापसाचं शेवटचं शेत कुठे संपतं
आणि पहिलं गॅरेज कुठे लागतं,
हे तारेवरच्या होल्यांनाही नक्की सांगता यायचं नाही.
महापौर नाही, नगरपालिका नाही,
कचरा कुणाकडून उचलून घ्यायचा, ज्याचं त्यानं बघायचं.
पत्त्यात आम्ही शेजारच्या शहराचं नाव घालतो,
लग्नापुरता मागून आणलेला कोट घालावा तसं.
शेरीफची गाडी चाळीस मैलांवरून येते.
येईस्तोवर भांडण निवलेलं असतं,
कॉफीही.

नाव आहे म्हणायला: हॅचर्स वेल.
विहीर कुठे होती कुणाला माहीत नाही,
हॅचर कोण, तेही नाही.
ॲरिझोनाच्या नकाशात त्याभोवती एक तुटक रेघ आहे,
आणि त्या रेघेच्या आत
मी माणसं मोजते.

दक्षिणेला डोंगर, फासळ्या दिसणारा.
पश्चिमेला कोरडी नदी. पुलावर पाटी:
पाणी असताना ओलांडू नये.
पाणी असताना पाहिलेला माणूस
माझ्या यादीत अजून आलेला नाही.
जमिनीखालचं होतं ते उपसलं, अजून उपसतात,
आणि जमीन आतून बसत गेली.
शाळेमागून दोन मैल भेग गेली आहे.
पोरं तिच्यात खडा टाकतात, कान लावतात,
आणि आवाज आला की नाही
यावरून भांडतात.

पहाटे पाचला निघते, दहाला परत फिरते.
दहानंतर बेलचं बटण बोट भाजतं.
एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?
मेलेआने तौफा दारातल्या चपला मोजते,
बावीस,
मग थांबते, एक जोड पाहुण्याचा, वजा करते.
वेंडेल स्टकी ट्रक चालवतो,
म्हणतो, आठवड्याचे दोन दिवस असतो मी इथे,
दोन सप्तमांश लिहा.
अपूर्णांक घेत नाही यंत्र.
मग अख्खा लिहा, तो म्हणतो,
बायकोला बरं वाटेल.

पुढच्या गल्लीत बारा दारं, काचांवर अजून स्टिकर,
मालक कुठली तरी कंपनी.
सोमवारी जिथे गल्ली संपत होती
तिथे शुक्रवारी आणखी सहा सांगाडे लाकडाचे,
आणि पाईपातून बाहेर काढलेलं एक घुबड
भर दिवसा कुंपणावर,
माझ्याकडे बघत, जणू आता त्याचीच पाळी.

शेवटचं घर पंपाशेजारचं, ओतिलिया बुस्तामांतेचं.
माझ्या यादीत ते नव्हतंच.
तिनंच हाक मारली.
म्हणाली, तेव्हा जीपमधून एक माणूस आला होता,
आईनं त्याला वाल वाढले,
त्यानं जेवता जेवता डोकी मोजली.
नऊ.
तेवढंच गाव होतं हे.
आई म्हणाली, दहावं आहे पोटात.
तो म्हणाला, पोटातलं धरत नाहीत.
ते दहावं मी.

लिहू लागले तर यंत्राचा पडदा काळा.
फार तापलंय, थंड करा, एवढंच म्हणत विझलं.
तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं
आणि फ्रीजमध्ये ठेवलं,
टोमॅटोंशेजारी, अर्ध्या कापलेल्या कलिंगडाला टेकून.

बसलो दोघी.
बाहेर शेहेचाळीस अंश,
क्षितिजावर धुळीची तपकिरी भिंत, अजून लांब.
नव्वद हजारांच्या वस्तीतली माझ्या वाट्याची सगळी माणसं,
तौफाच्या घरातली, दोन सप्तमांशाचा वेंडेल,
दहा मिनिटं गार होत होती.
ती म्हणाली,
घाई नाही.
मला सवय आहे.